निकाल घसरला म्हणून मुलांची तुकडी वेगळी करावी का?

पत्र : माझी मुलगी घराजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या शाळेत बहुतेक मुले आमच्यासारख्या जुन्या चाळींतली, बेस्टमध्ये किंवा कारखान्यात नोकरी करणाऱ्यांची होती. त्यांतली बरीच घरे आता डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातले. त्यांच्या जागी रुळांपलीकडच्या वस्तीतली, नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांची मुले आली आहेत. ही कुटुंबे नांदेड, परभणी, यवतमाळकडची आहेत आणि काहींच्या घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात. गेल्या दोन वर्षांत तिसरीचा निकाल घसरला. कोणीतरी वस्तीनिहाय गुणांचा तक्ता करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि आता समितीपुढे प्रस्ताव आला आहे की पुढच्या वर्षी ‘वस्तीची मुले’ वेगळ्या तुकडीत बसवावीत. मला हे बरे वाटत नाही. पण बाईंचा सगळा वेळ त्या मुलांना अक्षरओळख करून देण्यात जातो आणि माझी मुलगी वर्गात नुसती बसून राहते, हेही खरे आहे. मी हात कोणाच्या बाजूने वर करू?
– एक आई, भांडुप

उत्तर : हात प्रस्तावाच्या विरोधात वर करा, हे मी सुरुवातीलाच सांगते. मात्र नुसता विरोध नोंदवून खाली बसू नका. तुमच्या मुलीची वर्गात होणारी कुचंबणा ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर काही उपाय न सुचवता तुम्ही फक्त ‘असे करणे बरे नव्हे’ एवढेच म्हणालात, तर पुढच्या बैठकीत तोच प्रस्ताव अधिक जोराने परत येईल.

आधी त्या तक्त्याकडे पाहू. शाळेचा निकाल घसरला याचा अर्थ शाळेत शिकवणे घसरले, असे आपण लगेच धरून चालतो. सरासरीचा हिशेब मात्र तसा चालत नाही. समजा, गेल्या वर्षी तिसरीत ३० मुले होती, त्यांपैकी २४ चाळींतली आणि ६ नव्या वस्तीतली. पहिल्या गटाची सरासरी १०० पैकी ७० आणि दुसऱ्याची ४० असेल, तर वर्गाची सरासरी ६४ येते. यंदाही ३० च मुले आहेत, पण आता दोन्हीकडची १५-१५ आहेत. बाईंनी मेहनत घेतली, म्हणून चाळींतल्या मुलांची सरासरी ७२ झाली आणि वस्तीतल्या मुलांची ४० वरून ४६ वर गेली. दोन्ही गट पुढे सरकले, तरीही वर्गाची सरासरी काढून पाहा : ती ५९ भरते. म्हणजे प्रत्येक गटाने प्रगती केली आणि शाळेच्या फळ्यावर मात्र ‘निकाल पाच गुणांनी घसरला’ असे लिहिले गेले. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या शाळेत नेमके असेच घडले असेल असे माझे म्हणणे नाही. परंतु असे घडले आहे की नाही, हे तपासल्याशिवाय समितीने निकालाच्या घसरणीवर एक शब्दही बोलू नये. तपासण्यासाठी लागणारी कागदपत्रे शाळेतच असतात : वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन यांच्या नोंदी काढून, जी मुले पहिलीपासून याच शाळेत आहेत त्यांची दोन वर्षांपूर्वीची आणि आजची स्थिती शेजारी-शेजारी मांडा. या वर्षीच्या तिसरीची तुलना गेल्या वर्षीच्या तिसरीशी करणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मुलांची उंची मोजून कोणाची वाढ खुंटली हे ठरवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट लहान संख्येची. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के. चाचणीच्या आठवड्यात तिघांना ताप आला किंवा दोन हुशार मुलांच्या घरचे लोक विरारला राहायला गेले, की टक्केवारी आठ-बाराने हलते. एवढ्याशा पटावर दोन वर्षांचा कल काढून त्यावरून धोरण ठरवणे हा घाईचा निष्कर्ष आहे.

तिसरी गोष्ट सांगताना थोडा वाईटपणा येईल. चाळींतल्या मुलांच्या गुणांमध्ये शिकवणीचा वाटा किती आहे, हे तक्त्यात कोणी लिहिले आहे का? मुंबईत प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही संध्याकाळी गल्लीतल्या ताईंकडे शिकवणीला पाठवण्याची पद्धत आहे, आणि तिथे मिळालेली अक्षरओळख व पाढे सकाळी शाळेच्या खात्यावर जमा होतात. जिथे शिकवणी नाही, घरी गृहपाठ पाहणारे कोणी नाही आणि आई-वडील सकाळी सातला नाक्यावर गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम आठ वर्षांच्या मुलीवर पडते, तिथे शाळेने जेवढे शिकवले तेवढेच गुणांत उतरते. त्या दृष्टीने पाहिले, तर शाळा म्हणून तुमची शाळा कशी आहे याचे अधिक खरे माप वस्तीतल्या मुलांच्या प्रगतीवरूनच मिळेल, कारण त्यांना शिकवणारी दुसरी कोणतीही जागा नाही.

मुलांची सामाजिक पार्श्वभूमी आणि त्यांचे गुण यांचा संबंध असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जगभर तो आढळला आहे. परंतु ‘वस्तीची मुले’ हे काही कारण नव्हे. ती कारणे झाकणारी एक पाटी आहे. पाटी बाजूला केली की खाली दिसतात त्या गोष्टी अगदी साध्या असतात : हजेरीतले खंड, घरची वेगळी भाषा, बालवाडीची चुकलेली दोन वर्षे, आणि वर्षाच्या मध्येच घेतलेला प्रवेश. यांपैकी हजेरीकडे मी सर्वांत आधी पाहीन. हजेरीपट घेऊन कोणते मूल किती दिवस गैरहजर होते हे काढा. गुणांचा तक्ता आणि हजेरीचा तक्ता पुष्कळदा सारखेच बोलतात. वस्तीतली कुटुंबे सुगीला, लग्नसराईला गावी जातात आणि महिनाभर परत येत नाहीत, अशी तक्रार तुमच्या बैठकीत नक्की होईल. त्या वेळी एवढेच विचारा की गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाऊन सुट्टी संपल्यावर चार-आठ दिवसांनी परतणारी आपली मुले कोणत्या रकान्यात मोजायची. त्यांना आपण कधी ‘स्थलांतरित’ म्हटलेले नाही.

भाषेचा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याकडे बहुधा कोणी नीट पाहिलेले नसेल. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत प्राथमिक शिक्षण देते, पण गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी त्यांपैकी कोणतेच माध्यम घरचे नाही. नांदेडहून आलेले मूल मराठी शाळेत आले म्हणजे त्याला मराठी येतेच, असे शिक्षकही गृहीत धरतात. मग प्रश्न न कळल्यामुळे गप्प बसलेल्या मुलाची नोंद ‘येत नाही’ अशी होते आणि तीच पुढे ‘मंद गतीने शिकतो’ इथपर्यंत जाते. अशा मुलाला तोंडी हिशेब घालून पाहावेत. आईबरोबर भाजी आणणारी ही मुले सुट्ट्या पैशांचा हिशेब चोख करतात, असे अनेक शिक्षिकांकडून ऐकायला मिळते. गणित येते आणि उदाहरणाची भाषा येत नाही, असे असेल तर इलाजही वेगळा लागतो.

सरकारी आकडेवारीतून काही मिळेल का, असे तुम्हाला वाटेल. थोडेच मिळेल. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून पटसंख्या, सामाजिक प्रवर्ग, शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृहे वगैरे माहिती पाहता येते. मुले काय शिकली हे त्यात नसते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ पासून ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण) जिल्ह्याचे चित्र दाखवते, एका शाळेचे नाही. वर्तमानपत्रांत दर वेळी गाजणारा, मुलांचे वाचन-गणित तपासणारा ‘असर’चा अहवाल तर ग्रामीण भागापुरता असतो, त्यामुळे त्यातील वाक्ये वाचून भांडुपच्या शाळेबद्दल बोलणाऱ्या सदस्यांना तेवढे सांगून ठेवा. तुमच्या शाळेचे खरे चित्र तुमच्याच शाळेच्या कपाटात आहे.

आता मूळ प्रस्ताव. मागे पडलेली मुले वेगळी बसवली की पुढची मुले मोकळेपणाने शिकतील, हा त्यामागचा विचार आहे, आणि योगायोगाने याची परीक्षा मुंबईच्याच महापालिका शाळांमध्ये झालेली आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतल्या, वाचन आणि अंकगणितात मागे असलेल्या पंधरा-वीस मुलांना त्याच परिसरातली एखादी तरुण मुलगी दिवसातले साधारण दोन तास वर्गाबाहेर घेऊन पायापासून शिकवत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मागे असलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि जी सर्वांत मागे होती त्यांची सर्वांत जास्त. आपल्या प्रश्नासाठी मात्र त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, जो सहसा कोणी सांगत नाही : मागची मुले दोन तास बाहेर गेल्यामुळे वर्गात उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, बाईंचा वेळ मोकळा झाला, तरीही त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. म्हणजे वस्तीची मुले उठून गेली म्हणून तुमची मुलगी आपोआप अधिक शिकेल, या समजुतीला आधार नाही. बाई जे आणि जसे शिकवतात ते बदलले, तरच फरक पडतो.

तुमच्या समितीपुढचा प्रस्ताव ‘बालसखी’सारखाच आहे, असेही कोणी म्हणेल. तो तसा नाही. तिथे मुले निवडली गेली ती वाचनाच्या पातळीवरून, दिवसातल्या दोन तासांपुरती, आणि उरलेला दिवस ती आपल्याच वर्गात होती. इथे मुले निवडली जाणार आहेत राहत्या पत्त्यावरून, वर्षभरासाठी. चाळीतले वाचता न येणारे मूल ‘चांगल्या’ तुकडीत राहील आणि वस्तीतली घडाघडा वाचणारी मुलगी दुसरीकडे जाईल. यातून शिकवणे सोपे होईल असे ज्याला वाटते, त्याने एकदा तिसरीचा वर्ग घेऊन पाहावा.

शिक्क्याचाही परिणाम होतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत ठळक फरक नव्हता. सर्वांसमक्ष नावाबरोबर जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घटली. मुले तीच होती, कोडीही तशीच होती. ‘वस्तीची तुकडी’ हे नाव रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ऐकणाऱ्या मुलांचे काय होईल, हे यावरून समजावे. उलट बाजूने, मिसळून बसल्याने ‘आपल्या’ मुलांचे नुकसान होते का, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांमध्ये केला आहे. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. गुणांवरचा परिणाम एकूण किरकोळ होता, इंग्रजीत थोडी घट आणि हिंदी-गणितात फरक नाही. तुमच्या शाळेतले अंतर तर तेवढे मोठेही नाही. बेस्टच्या वाहकाचे घर आणि नाक्यावरच्या गवंड्याचे घर यांत जे अंतर आपल्याला फार मोठे वाटते, ते दक्षिण मुंबईतून पाहणाऱ्याला दिसतही नसेल.

कायद्याबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहणे, तसेच स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे, ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे महापालिकेची जबाबदारी आहे. पत्त्यावरून तुकडी करण्याचा ठराव त्या कलमाच्या आड येतो, आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागेल. बैठकीत हे वाक्य शांतपणे उच्चारले तरी अर्धा प्रस्ताव तिथेच मागे पडेल, असा माझा अंदाज आहे.

मग त्याऐवजी काय मागावे? बैठकीत पर्यायी ठराव लिहूनच घेऊन जा. त्याचा गाभा असा ठेवा की तिसरीतल्या प्रत्येक मुलाचे, चाळ-वस्ती असा भेद न करता, एकेकट्याने वाचन आणि अंकज्ञान तपासले जावे. त्यासाठी माप तयार आहे : जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे लक्ष्य ठेवलेले आहे. ही तपासणी झाली की रोजचा ठरावीक तास पातळीनुसार गट करून घ्यावा, शक्य असेल तर दुसरी, तिसरी आणि चौथीचे गट त्या तासापुरते एकत्र करून, म्हणजे तीन शिक्षिकांमध्ये तीन पातळ्या वाटल्या जातील आणि एकाच बाईंना एका वेळी अक्षरओळख आणि उतारा असे दोन्ही शिकवावे लागणार नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलांचे गट बदलावेत. गट बदलत नसतील तर ती मागच्या दाराने आलेली तुकडीच समजावी. तुमच्या मुलीचा प्रश्न सुटतो तो याच तासात, कारण तिला तिच्या पातळीचा मजकूर तेव्हा मिळेल.

शिक्षकांची संख्याही विचारा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार आणि २०० पर्यंत पाच शिक्षक हवेत. हा हिशेब शाळेच्या पटावर होतो, एकेका वर्गावर होत नाही, त्यामुळे ‘आमच्या वर्गात तीसपेक्षा जास्त मुले आहेत’ एवढ्यावर अडून बसू नका. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि प्रत्यक्ष वर्गावर किती, हे तीन आकडे मागा. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना देता येतात, त्यापलीकडची अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. मधल्या काळात वर्ग जोडून बसवले जात असतील तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या. माझ्या मते तुमच्या शाळेतल्या गाऱ्हाण्याचे मूळ इथेच सापडण्याची शक्यता अधिक आहे, आणि शिक्षिका कमी पडतात म्हणून पालकांनी एकमेकांच्या मुलांवर राग काढावा, हे मला फार खटकते.

वयानुरूप वर्गात घेतलेल्या मुलाला बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कलम ४ मध्ये आहे. वस्तीतल्या किती मुलांना ते मिळाले, हे मुख्याध्यापकांना विचारा. जी कुटुंबे गावी जाणार आहेत त्यांच्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवावे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येते आणि परतल्यावर तुटलेला धागा जोडता येतो. गोरमाटी बोलणाऱ्या एखाद्या आईला किंवा मोठ्या बहिणीला आठवड्यातून दोनदा पहिलीच्या वर्गात गोष्ट सांगायला बोलवावे, बाईंनाही चार शब्द शिकता येतील.

आणि समितीत वस्तीतले पालक किती आहेत? समितीतले तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे, असे कलम २१ सांगते. पट बदलला, पण समिती जुन्याच पटाची राहिली, असे तुमच्याकडे झाले असावे असा मला संशय आहे, कारण त्या पालकांच्या उपस्थितीत असा प्रस्ताव मांडण्याचे धाडस सहसा होत नाही. कामाच्या दिवशी सकाळी अकराला बैठक ठेवली तर नाक्यावरच्या माणसाला रोजाचा खाडा पडतो, आणि मग ‘त्यांना आस्थाच नाही’ असे आपण म्हणतो. बैठक रविवारी किंवा संध्याकाळी साडेसातनंतर ठेवायला सांगा.

तो तक्ता गटावरून काढून टाकायला लावा, तेही बैठकीची वाट न पाहता. लहान मुलांची नावे, गुण आणि राहण्याचे ठिकाण एकत्र लिहून फिरवणे कोणत्याही हेतूने योग्य नाही. ज्याने तो केला त्याच्याशी गटावर वाद घालू नका, त्याला फोन करा. ती माहिती शाळेतून बाहेर कशी गेली, हे मुख्याध्यापकांना स्वतंत्रपणे विचारा.

मुलीसाठी तुम्हाला घरी करता येण्यासारखे म्हणाल, तर बाईंना भेटून शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके घरी नेण्याची परवानगी घ्या आणि तिला रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा. तिला वर्गात ‘छोटी बाई’ करून इतरांना शिकवायला बसवत असतील, तर आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ते चांगले आहे, त्याने तिचाही पाया पक्का होतो. रोज तेच होत असेल तर स्पष्ट हरकत घ्या, कारण शिक्षिकेचे काम तिचे नाही.

इतके करूनही वेगळ्या तुकडीचा ठराव मंजूर झाला, तर तुमचा विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत घेऊन विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे (शाळा) लेखी तक्रार द्या. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्जावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.